चालू दप्तराची नक्कल

जुलैचा शेवटचा आठवडा आला की वाशिमच्या पाटणी चौकापासून मानोरा-रिसोडच्या बसस्थानकाबाहेरच्या गाळ्यांपर्यंत, जिथे जिथे सेवा केंद्राची पाटी लटकते तिथे सकाळपासून रांग लागते. खरिपाच्या पीक विम्याची मुदत सहसा ३१ जुलैला संपते. २०२३ च्या खरिपात राज्य सरकारने एक रुपयात पीक विमा आणला, तेव्हा तर ज्याच्या नावावर दोन एकर सोयाबीन आहे तोही अर्ज भरायला निघाला. हातात सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स, तोंडी एकच प्रश्न: "भाऊ, साइट चालू हाये काय?"

अशा दिवसांत केंद्रातला संगणक सकाळी सुरू होतो तो रात्री शटर ओढेपर्यंत थांबत नाही. आणि नेमके हेच दिवस त्याच्या जिवावरचे असतात. पाऊस, विजा, आणि मन मानेल तेव्हा जाणारी-येणारी लाइट. म्हणजे बॅकअपची गरज याच आठवड्यात सगळ्यात जास्त, आणि त्यासाठी संगणक मोकळा ठेवायला फुरसत याच आठवड्यात सगळ्यात कमी. तरीही कुणी शहाणा चालक एक्स्टर्नल डिस्क जोडतो, अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढायला लावतो आणि मॉनिटरवर कागद चिकटवतो: "बॅकअप चालू आहे, हात लावू नये." रांगेतली माणसं तासभर त्या कागदाकडे बघत उभी राहतात.

हा कागद एकेकाळी अगदी बरोबर होता. आज बहुतेक वेळा त्याची गरज नसते. मधल्या काळात काय बदललं, ते समजलं की कागद कधी काढायचा आणि कधी ठेवायचा हेही कळतं.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला मरे हॅझर्ड या प्रोग्रामरने घोस्ट नावाचा प्रोग्राम लिहिला. अख्खी डिस्क एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची आणि हवी तेव्हा दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी ओतायची, एवढंच त्याचं काम. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या सिमँटेक कंपनीने तो विकत घेतला. मग २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली, एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्या-तालुक्याला निघाले, एकेका खोलीत एकसारखे दहा-पंधरा संगणक आले, आणि घोस्टला महाराष्ट्रात आपलं घर सापडलं. शिकणाऱ्या पोरांनी एखादं मशीन बिघडवलं की त्यावर पुन्हा पहिल्यापासून विंडोज टाकत बसण्यापेक्षा चांगल्या मशीनची प्रत त्याच्यावर ओतणं सोपं. "फॉरमॅट मारला", "घोस्ट मारला" ही हार्डवेअरवाल्यांची भाषा तेव्हापासूनची.

तेव्हाचा घोस्ट डॉसमधून चाले. फ्लॉपी घालायची, संगणक तिच्यावरून सुरू करायचा, म्हणजे विंडोज जागी होतच नसे. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटला भूल द्यावी तशी डिस्क निपचित पडलेली, आणि घोस्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिला उतरवून घेई. अशा वेळी संगणकावर काम करायचा प्रश्नच नव्हता. काम करायला त्याच्यावर काही चालूच नसे. आजही तैवानमध्ये तयार झालेलं क्लोनझिला पेनड्राइव्हवरून चालवलं तर हीच तऱ्हा. त्या कागदाचा उगम इथे आहे. पद्धत बदलली, कागद राहिला.

इमेजच का, नुसत्या फायली कॉपी केल्या तर काय बिघडतं, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर सेवा केंद्राच्या शेजारच्या डीटीपीवाल्याकडे मिळतं. त्याच्याकडे लग्नपत्रिकांचे शेकडो नमुने पेजमेकरमध्ये पडलेले असतात. त्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीतली, नाहीतर पुण्याच्याच सी-डॅकच्या आयएसएममधली. ही युनिकोडच्या आधीची व्यवस्था आहे. फाइलमध्ये 'क' म्हणून काही लिहिलेलं नसतं. एक आकडा असतो, आणि तो 'क' दिसायचा की भलतंच चिन्ह, हे त्या विशिष्ट फॉन्टवर ठरतं. फॉन्ट गेला की 'चि.सौ.कां.'च्या जागी भुतावळ दिसते. त्यात पंधरा वर्षांपूर्वीचा लेझर प्रिंटर, त्याचा तेवढाच जुना ड्रायव्हर, आणि कुठल्या खणात आहे ते कुणालाच आठवत नाही अशी सीडी. फायली वाचल्या पण हा सगळा संसार बुडाला, तर दुकान उघडं असून बंद.

इमेजमध्ये तो संसार येतो. डिस्कचे भाग कसे पाडलेत, संगणक सुरू होताना पहिलं काय वाचतो, विंडोज, तिच्या सेटिंग, फॉन्ट, ड्रायव्हर, पत्रिका, सगळं. येत नाही ते फक्त यूएसबीला खोचलेलं डाँगल, म्हणजे काही जुन्या प्रोग्रामांसोबत मिळणारं कुलूप. ते यंत्राचा तुकडा आहे, डिस्कवरचा मजकूर नाही. ते जपूनच ठेवावं लागतं.

आता मूळ अडचणीकडे. चालू डिस्कची नक्कल काढणं अवघड का? तहसीलच्या खिडकीवर नकलेसाठी ज्यांनी हेलपाटे घातलेत त्यांना हे समजावून द्यायला संगणकाची गरज नाही.

गाव नमुना आठ-अ डोळ्यासमोर आणावा. गावातल्या एकेका खातेदाराचं एकेक पान, त्यात त्याच्या नावावर किती जमीन ते लिहिलेलं. समजा, शंभर खात्यांची ही वही एका माणसाला हाताने उतरवून घ्यायची आहे आणि त्याला पूर्ण दिवस लागणार आहे. सकाळी त्याने खाते क्रमांक ३ उतरवलं. दुपारी ९० क्रमांकाच्या खातेदाराची एक हेक्टर जमीन ३ क्रमांकाच्या माणसाने घेतल्याचा फेरफार मंजूर झाला. ९० च्या पानावरून एक हेक्टर वजा, ३ च्या पानावर एक हेक्टर जमा. मूळ वही बरोबर आहे. पण उतरवणारा संध्याकाळी ९० व्या पानावर पोचला तेव्हा तिथली जमीन कमी झालेली होती, आणि ३ वं पान तो सकाळीच, जमीन जमा होण्याआधी उतरवून बसला होता. नकलेत ती एक हेक्टर जमीन कुठेच नाही. व्यवहार उलट्या दिशेने झाला असता तर तीच जमीन नकलेत दोघांच्या नावावर लागली असती. मूळ वहीत चूक नाही, उतरवणाऱ्याने एक अक्षर चुकवलं नाही, तरी नक्कल खोटी. ती कुठल्याच एका क्षणाची नाही. अर्धी सकाळची, अर्धी संध्याकाळची.

डिस्कवर नेमकं हेच होतं. फाइलचं नाव आणि तिचे तुकडे कुठे ठेवलेत याची यादी एकीकडे असते, मजकूर दुसरीकडे. इमेज काढणारा प्रोग्राम यादी आधी वाचून गेला आणि मजकुरापर्यंत पोचेस्तोवर तो हलला, तर इमेजमधली यादी रिकाम्या घराचा पत्ता सांगत बसते.

यावर एक उपाय म्हणजे नक्कल पूर्ण होईपर्यंत कचेरीला टाळं. तो घोस्टचा मार्ग. दुसरा उपाय जास्त हुशारीचा आहे. वहीशेजारी एक कोरी वही ठेवायची आणि एक कारकून बसवायचा. सकाळी अकराला घंटा वाजवून जाहीर करायचं की नक्कल अकराच्या स्थितीची आहे. त्यानंतर कुणाला कुठल्याही पानात बदल करायचा असला तर खुशाल करावा. फक्त त्याआधी कारकून त्या पानावरचा जुना मजकूर कोऱ्या वहीत टिपून ठेवील. उतरवणारा प्रत्येक पानाला आधी कोरी वही बघतो. तिथे जुनी नोंद असली तर ती घेतो, नसली तर मूळ पान बदललेलं नाही म्हणून तेच उतरवतो. त्याला संध्याकाळ होवो की मध्यरात्र, नक्कल अकराचीच निघते. फेरफारही अडत नाहीत.

विंडोजमधल्या या कारकुनाचं नाव व्हॉल्यूम शॅडो कॉपी सर्व्हिस. २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर ती आली आणि सर्व्हर २००३ मध्ये तिला पूर्ण रूप मिळालं. डिस्कचे १६ किलोबाइटचे ठोकळे धरून ती काम करते: एखाद्या ठोकळ्यावर पहिल्यांदा नवं काही लिहिलं जाण्याआधी जुना ठोकळा उचलून राखीव जागेत नेऊन ठेवते. सुरुवातीची घंटा मात्र नाजूक असते. त्या वेळी चालू प्रोग्रामना हातातलं अर्धवट लेखन उरकून क्षणभर थांबायला सांगितलं जातं. या थांबण्याला ६० सेकंदांची कमाल मर्यादा आहे, आणि डिस्कवरचं लिहिणं प्रत्यक्ष रोखून धरायला फक्त १० सेकंदांची. एवढ्यात क्षण पकडला गेला नाही तर प्रयत्न सोडून दिला जातो. बहुतेकदा माउसचा बाण किंचित अडखळल्यासारखा वाटतो, तेवढंच. ॲपलच्या मॅकमध्ये आणि लिनक्समध्ये हीच कल्पना वेगळ्या तऱ्हेने राबवलेली आहे.

म्हणजे इमेज चालू असताना अर्ज भरा, प्रिंट काढा, मेल पाठवा; प्रतीला धक्का लागत नाही. पण कारकुनाच्या या व्यवस्थेतून काही गोष्टी ओघाने येतात, आणि त्या कळल्या नाहीत तर मनस्ताप होतो.

सगळ्यात पहिली, नक्कल अकराची म्हणजे अकराचीच. बॅकअपची प्रगती दाखवणारी पट्टी पुढे सरकत असताना सव्वाअकराला साठवलेली पत्रिका या इमेजमध्ये नसते, मग इमेज दीड वाजता का पूर्ण होईना. अकराला पडद्यावर उघडी असलेली पण सेव्ह न केलेली पत्रिकाही नसते, कारण ती डिस्कवर नव्हतीच, मेमरीत होती. प्रोग्राम शेवटी "पूर्ण झालं" म्हणतो आणि शेजारी दीडची वेळ दाखवतो. माणसं ती वेळ इमेजची समजतात. निम्म्या तक्रारी इथल्या असतात.

दुसरी गोष्ट कोऱ्या वहीच्या पानांची. राखीव जागा अमर्याद नसते. इमेज चालू असताना लग्नाच्या शूटिंगची मेमरी कार्डं डिस्कवर रिकामी करायला घेतली, विंडोजचं मोठं अपडेट लावलं, किंवा डिस्क डीफ्रॅगमेंट करायला सोडली, तर कारकुनाचं काम एकदम फुगू शकतं. डीफ्रॅगमेंट तर ठोकळे इकडचे तिकडे हलवण्यासाठीच असतं. मजकूर तोच राहतो, पण जागा बदलल्यामुळे कारकुनाला तो सगळा फेरफारच वाटू शकतो. कोरी वही भरली की विंडोज मूळ कामाला अडवत नाही. ती धरून ठेवलेली छायाप्रत, म्हणजे शॅडो कॉपीच, टाकून देते आणि बॅकअप अर्ध्यावर चूक झाल्याचा संदेश देऊन थांबतो. मशीन बिघडलेलं नसतं. तेवढी जड कामं बाजूला ठेवून पुन्हा सुरू करायचं.

आणि मग वेग. इथे जुनी फिरती डिस्क आणि नवी एसएसडी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला एक फेरी पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग वाचणाऱ्या सुईखाली येण्याची सरासरी वाट ४.२ मिलिसेकंद, सुई आत-बाहेर सरकायला आणखी नऊ-दहा. एकेका उडीला जवळपास १४ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला सत्तरएक उड्या होतात. इमेज काढणारा प्रोग्राम एकटा असला तर सुईला उड्या फारशा माराव्या लागत नाहीत. ती नांगराच्या तासासारखी सरळ चालते आणि सेकंदाला १०० मेगाबाइट सहज वाचते. पण मधेच चालकाने ब्राउझर उघडला, त्याने इथून चार किलोबाइट आणि तिथून चार किलोबाइट मागायला सुरुवात केली, की सुई तास सोडून धावते, परत येते, पुन्हा धावते. सत्तर उड्या आणि प्रत्येक उडीला चार किलोबाइट, म्हणजे सेकंदाला ०.३ मेगाबाइटपेक्षाही कमी. बॅकअप आणि चालक दोघंही रडकुंडीला येतात. बॅकअप चालू असताना संगणक "हँग" होतो म्हणतात तो बहुधा हाच प्रकार. एसएसडीत सुईच नाही. तिथे ही ओढाताण जवळजवळ जाणवत नाही, प्रोसेसर थोडा जास्त राबतो इतकंच. चार जीबी मेमरीच्या जुन्या मशीनला पैसे घालायचे असतील तर आधी एसएसडी बसवावी. बाकीचे उपाय नंतर बघता येतात.

वेळेचा हिशेब सोपा आहे. डिस्कवर १८० जीबी भरलेली आहे आणि इमेज सेकंदाला १०० मेगाबाइटने निघते, तर अर्धा तास. तीच एक्स्टर्नल डिस्क जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी २.० च्या खाचेत खोचली तर वेग ३० वर येतो आणि अर्ध्या तासाची १०० मिनिटं होतात. आतून निळी दिसणारी खाच बहुधा ३.० ची असते आणि अनेकदा ती कॅबिनेटच्या मागे असते. मागे वाकायचा कंटाळा केला की सत्तर मिनिटं जास्त जातात. दुसऱ्या दिवसापासून फक्त बदललेले ठोकळे घेणारी इमेज लावली तर काम काही मिनिटांवर येतं, आणि मग ती जेवणाच्या सुट्टीतही उरकते.

आता अडत्याच्या आणि कर सल्लागाराच्या संगणकाकडे. तिथे हिशेबाचा प्रोग्राम दिवसभर उघडा असतो. घंटा वाजते तेव्हा ज्या प्रोग्रामना ती ऐकू येते, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, ते अर्धे व्यवहार नीट टोकाला नेऊन थांबतात. ज्यांना ती ऐकूच येत नाही त्यांचं लेखन आहे तिथे पकडलं जातं. अशी प्रत म्हणजे त्या क्षणी अचानक लाइट गेली असती तर डिस्कवर जे उरलं असतं ते.

हे वाटतं तितकं भयंकर नाही, आणि कारण पुन्हा महसूल खात्यात सापडतं. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. जमिनीचा बदल आधी सहामध्ये नोंदला जातो, त्याला नंबर पडतो, तो प्रमाणित होतो, आणि मग सातबाऱ्यावर त्याचा अंमल. मधेच काम अडलं तरी सहा नंबर उघडून कुठला फेरफार झाला आणि कुठल्याचा अंमल राहिला ते सांगता येतं. १९९३ पासून विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था अशीच एक नोंदवही ठेवते: आपल्या याद्यांतला प्रत्येक बदल आधी नोंदवहीत, मग जागेवर. लाइट गेली तरी पुढच्या वेळी ती वही वाचून याद्या जुळवून घेते. मात्र ही वही डिस्कच्या याद्यांपुरती आहे. हिशेबाच्या फाइलच्या पोटातली जमा आणि नावे जुळली का, हे तिला माहीत नसतं. म्हणून घंटेच्या वेळी हिशेबाचा प्रोग्राम बंद असावा. फक्त घंटेच्या वेळी. इमेजची टक्केवारी सरकायला लागली, म्हणजे क्षण पकडला गेला, की मिनिटाभराने प्रोग्राम उघडून हिशेबपट्ट्या फाडायला हरकत नाही.

लाइट गेलीच तर? मूळ डिस्क फक्त वाचली जात असते, तिच्यावरच्या फायलींना इमेजमुळे इजा होत नाही. अर्धी राहिलेली इमेज मात्र बहुतेकदा कामाची नसते. त्यामुळे नवी पूर्ण होऊन तपासली जाईपर्यंत जुनी पुसू नये. जागा नाही म्हणून आधी जुनी पुसून मग नवी काढायला घेणं, आणि तेही जुलैतल्या वाशिमला, म्हणजे विहिरीच्या काठावर बसून जुना दोर कापण्यासारखं आहे. दुकानातला साधा यूपीएस संगणक नीट बंद करण्यापुरता वेळ देतो, अर्ध्या तासाची इमेज पुरी करण्यापुरता नाही. लॅपटॉपची बॅटरी चांगली असली तर तो इथे बाजी मारतो, फक्त त्याचं झाकण मिटलं की तो झोपतो आणि बॅकअपही झोपतो. आणि यूएसबीची केबल. गर्दीत कुणाची तरी पिशवी तिला अडकते. मॉनिटरवर कागद चिकटवायचाच असेल तर "केबल ओढू नये" असा चिकटवावा.

एक प्रसंग असा आहे की जिथे जुना कागद आजही खरा. डिस्क टक्-टक् वाजू लागली, फाइल उघडायला मिनिटं लागू लागली, विंडोज वारंवार डिस्क तपासायला मागू लागली, तर तिच्यावर एक अक्षरही नवं लिहू नये. काम थांबवायचं, पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा आणि निपचित डिस्कची प्रत घ्यायची. मरणपंथाला लागलेल्या डिस्ककडून एकाच वेळी नक्कल आणि मजुरी दोन्ही करून घेता येत नाहीत.

माणसाचं काम न थांबवता बॅकअप घ्यायचा, या एका अटीवर पुण्यात एक कंपनी उभी राहिली आहे. व्हेरिटास ही साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमधली मोठी अमेरिकी कंपनी होती. तिचं पुण्यात विकसन केंद्र होतं. तिथून बाहेर पडलेले जसप्रीत सिंग आणि मिलिंद बोराटे यांनी रमणी कोथंडरामन यांच्यासह २००८ मध्ये पुण्यात द्रुवा सुरू केली. त्यांचं इनसिंक हे उत्पादन नोकरदारांच्या लॅपटॉपसाठी होतं. लॅपटॉपवाला माणूस बॅकअपसाठी कधीच थांबत नाही, हे गृहीत धरूनच ते बेतलं होतं: प्रोसेसर आणि नेट किती वापरायचं याला लगाम, आणि शंभर जणांकडे एकच फाइल असली तर ती एकदाच साठवायची. इथे अख्ख्या डिस्कची इमेज नाही, फायलींची प्रत आहे, पण डोकेदुखी तीच. २०१९ मध्ये या कंपनीचं मूल्य एक अब्ज डॉलरपलीकडे गेलं. वाशिमच्या गाळ्यात चिकटलेला कागद आणि ही अब्ज डॉलरची कंपनी एकाच प्रश्नाभोवती फिरतात.

निघालेली इमेज कुठे ठेवायची, यात फार पांडित्य नको. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा हिशेब स्टुडिओवाल्यांना ठाऊक असतो: प्रती तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे गावाकडचं घरही चालतं. इमेज पूर्ण झाली की डिस्क काढून ठेवावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा तो फायली कुलूपबंद करताना विंडोजने ठेवलेल्या छायाप्रतीही पुसून टाकत होता. सोबत जोडून ठेवलेली डिस्क अशा हल्ल्यातून सुटत नाही. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असली तरी चालू विंडोजमधून काढलेली इमेज उघडीच असते, कारण ती कुलूप उघडल्यानंतरचा मजकूर वाचते. सेवा केंद्राच्या डिस्कवर अर्ध्या तालुक्याचे आधार आणि पासबुकं असतात. त्यामुळे इमेजला वेगळा पासवर्ड घालणं तिथे शोभेचं नाही.

इमेज बरोबर निघाली का हे तपासायची तऱ्हाही महसूल खात्याकडून घेता येते. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झालं होतं. संगणकात चढवलेला सातबारा हस्तलिखित सातबाऱ्याशी जुळतो का, हे गावासमोर वाचून पाहायचं आणि चुका टिपायच्या. त्यानंतर, १ मे २०१८ पासून, डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. इमेजचंही चावडी वाचन करता येतं. इमेजच्या बहुतेक प्रोग्रामांत ती नेहमीच्या ड्राइव्हसारखी उघडण्याची सोय असते; एक नवं अक्षर घेऊन ती विंडोजमध्ये दिसू लागते. तिच्यात जाऊन गेल्या आठवड्याचा हिशेब, एखादा स्कॅन, एखादी पत्रिका उघडून बघायची. संगणक सुरूच झाला नाही तर लागणारा बचावाचा पेनड्राइव्हही त्याच दिवशी तयार करून, त्यावरून मशीन खरोखर सुरू होतं का ते पाहायचं. हे वाचन दुसऱ्या संगणकावर केलं आणि पत्रिकेत मराठीच्या जागी भुतावळ दिसली तर घाबरून इमेज पुसू नये. त्या संगणकावर श्री-लिपी नसते, एवढंच.